‘फादर ऑफ द ब्राइड’च्या पाटीवर चार लेखक : दोघं मिळून घरगुती विनोदी सिनेमा लिहितात तरी कसा?

दोन_पेनं

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मावसबहीण मिळून एक सिनेमा लिहितोय. घरगुती, विनोदी, लग्नघरातला. याआधी दोघींनी एकांकिका लिहिल्यात पण आपापल्या, वेगवेगळ्या. आता एकत्र लिहायला बसलो की तिला ज्यावर हसू फुटतं ते मला फिकं वाटतं, मला जे भन्नाट वाटतं ते तिला ओढूनताणून आणलेलं वाटतं, आणि एकेक सीन नुसता चर्चेत अडकून पडतो. भांडण नाहीये पण काम पुढे सरकत नाही.

डायान कीटन गेली त्या सुमारास तिचा १९९१चा ‘फादर ऑफ द ब्राइड’ परत बघितला, आणि मग हट्टाने १९५०चा जुना पण शोधून बघितला, स्पेन्सर ट्रेसी आणि एलिझाबेथ टेलरचा. दोन्ही आवडले. पण नव्या सिनेमाच्या टायटल्समध्ये पटकथेखाली चार नावं आहेत, फ्रान्सिस गुडरिच, आल्बर्ट हॅकेट, नॅन्सी मायर्स, चार्ल्स शायर. आम्ही दोघी असून एक पान होत नाही तर या चौघांनी काय केलं असेल? आणि जोडीने लिहितात तेव्हा नक्की कोण काय लिहितं, एकाने गोष्ट आणि दुसऱ्याने संवाद अशी वाटणी असते का? आणखी एक, हे सिनेमे बघून आपल्याकडच्या लग्नघराबद्दल लिहिताना काही उपयोग होईल का की सगळंच परकं आहे? कोणी या जोड्यांचं काम नीट बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रीळ_नंबर_सात

चांगला धागा. चौघं एकत्र बसलेच नव्हते. फ्रान्सिस गुडरिच १९८४ मध्येच गेल्या, नवा सिनेमा त्यानंतर सात वर्षांनी आला. या दोन जोड्या आहेत, एकाच गोष्टीवर ४१ वर्षांच्या अंतराने काम केलेल्या. मूळ गोष्ट एडवर्ड स्ट्रीटरची १९४९ची कादंबरी. गुडरिच-हॅकेटनी तिचा १९५०चा सिनेमा लिहिला आणि मायर्स-शायरनी त्यांच्याच पटकथेवर नवी पटकथा उभी केली, म्हणून जुन्यांची नावं पण पाटीवर राहिली.

आता ती पाटी परत एकदा थांबवून बघा. गुडरिच आणि हॅकेटच्या मधे अँपरसँडची वेटोळी खूण दिसेल, मायर्स आणि शायरच्या मधेही तीच, पण दोन जोड्यांच्या मधे मात्र ‘अँड’ अक्षरी लिहिलंय. अमेरिकेतल्या रायटर्स गिल्डचा, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेचा, हा नियमच आहे, खूण असली म्हणजे ते दोघं टीम म्हणून एकत्र बसून लिहिणारे, अक्षरी लिहिलं म्हणजे एकाने आधी लिहिलं आणि दुसऱ्याने नंतर स्वतंत्रपणे त्यावर काम केलं. श्रेयाचे वाटे पडतात तेव्हाही टीम म्हणजे एकच लेखक धरतात, आतली वाटणी त्यांची त्यांनी करायची. म्हणजे कोणी कुठली ओळ लिहिली हा प्रश्न बाहेरच्यांनी विचारायचाच नाही, असं त्या खुणेने ठरूनच गेलेलं असतं. मला हे फार आवडतं.

गुडरिच-हॅकेट हे नवरा-बायको. १९३१ मध्ये लग्न झालं, ती त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दोघंही मुळात नाटकातले नट, लिहायला नंतर लागले. एमजीएम स्टुडिओत ‘द थिन मॅन’ (१९३४) लिहिताना दिग्दर्शक व्हॅन डाइकने त्यांना सांगितलं होतं की खुनाच्या भानगडीची फार काळजी करू नका, मला त्या नवरा-बायकोचे पाच सीन द्या. त्या सिनेमाचा डिटेक्टिव्ह प्लॉट आज कोणाला धड सांगता येत नाही, पण निक आणि नोरा एकमेकांशी कसे बोलतात ते सगळ्यांच्या डोक्यात आहे. नवरा-बायकोच्या थट्टेतसुद्धा एकमेकांबद्दल कौतुक असू शकतं हे हॉलिवूडला या सिनेमाने दाखवलं असं मी ठामपणे म्हणेन.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोण काय लिहायचं. या दोघांची पद्धत त्यांनीच सांगून ठेवलीय. आधी सीनवर बोलायचं, नट असल्यामुळे तो करून बघायचा, मग दोघांनी तोच सीन आपापला वेगळा लिहायचा. मग कागद बदलायचे, दुसऱ्याने काय केलंय ते वाचायचं आणि कुठला चांगला झालाय ते ठरवायचं. म्हणजे गोष्ट तुझी आणि संवाद माझे अशी वाटणीच नाही, पूर्ण सीन दोघांचा. तुमचं घोडं चर्चेत अडतंय कारण तुम्ही न लिहिलेल्या सीनवर वाद घालताय असं मला वाटतं. लिहून झालेल्या दोन सीनवर वाद घाला, तो वाद लवकर संपतो कारण चांगली ओळ समोर दिसतच असते.

अवांतर: ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) पण यांच्याच नावावर आहे, पण तिथे दिग्दर्शक फ्रँक काप्राशी त्यांचं अजिबात पटलं नाही. आणि १९५६ मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं ते अ‍ॅन फ्रँकच्या डायरीवरच्या नाटकासाठी. ऑस्करची नामांकनं चार, ऑस्कर एकही नाही.

घाटकोपरची_मोठी_वहिनी

वर पद्धत सांगितलीय ती उत्तम आहे, मी प्रत्यक्ष सिनेमातलं बोलते कारण हे दोन्ही सिनेमे मी आळीपाळीने बघत असते आणि मला वाटतं पटकथा शिकायला याच्यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही, तीच गोष्ट, तेच टप्पे, फक्त विनोद कुठून काढलाय ते बदललंय.

सुरुवात बघा. दोन्हीकडे लग्न उरकलंय, घरभर पसारा, बाप दमून खुर्चीत बसलाय, पाय चोळतोय आणि थेट आपल्याशी बोलायला लागतो. ही गुडरिच-हॅकेटची चौकट मायर्स-शायरनी जशीच्या तशी ठेवली. का ठेवली असेल? कारण लग्न झालं हे पहिल्या मिनिटालाच कळल्यामुळे ‘होईल का नाही’ हा प्रश्नच उरत नाही, पुढचे दीड तास फक्त हा माणूस त्यातून गेला कसा एवढंच बघायचं. घरगुती विनोदी सिनेमात सस्पेन्स कमी आणि ओळख पटणं जास्त लागतं, ते इथे दिसतं.

मग जेवणाच्या टेबलावरचा सीन. १९५० मध्ये मुलगी जेवताना सहज बोलून जाते की अमुक मुलावर माझं प्रेम आहे, आणि बाप डोकं खाजवतो की घरी येणाऱ्या एवढ्या पोरांतला बकली नेमका कुठला. १९९१ मध्ये मुलगी रोमहून आलीय आणि सांगते की मला एक माणूस भेटला, आणि बापाला समोर एकदम लहान मुलगी बसलेली दिसते, शाळेतली, आणि तीच पोर लग्नाचं बोलतेय. पहिल्यात विनोद बापाच्या बेखबरपणाचा, दुसऱ्यात त्याच्या नजरेचा. दुसऱ्यात हसता हसता घसा दाटतो, त्यासाठी एकही डायलॉग जास्तीचा लिहावा लागलेला नाही.

सासरच्या मंडळींना भेटायला जातात तो सीन तर शेजारी शेजारी ठेवून बघा. जुन्यात ट्रेसी जरा जास्तच पितो, मुलीबद्दल बोलतच सुटतो आणि शेवटी पेंगतो. नव्यात स्टीव्ह मार्टिन व्याह्यांच्या बेल-एअरमधल्या बंगल्यात नको तिथे डोकावतो, त्यांचं बँकेचं पासबुक उघडून बघतो, कुत्रे मागे लागतात आणि प्रकरण स्विमिंग पूलपर्यंत जातं. नट बदलला की विनोदाचं यंत्र बदलावं लागतं हे मायर्स-शायरना पक्कं माहीत होतं. ट्रेसीला नुसतं बसवून बोलतं ठेवलं की पुरतं, मार्टिनला हातपाय हलवायला जागा द्यावी लागते. मला स्वतःला जुना सीन जास्त आवडतो पण नवा चुकीचा अजिबात नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही सिनेमांत मधेच लग्न मोडायची वेळ येते. १९५० मध्ये भांडण कशावरून? नवरा मुलगा हनिमूनला नोव्हा स्कोशियाला मासे पकडायला जाऊ म्हणतो म्हणून. १९९१ मध्ये तो तिला ब्लेंडर भेट देतो. ती आर्किटेक्ट होणारी मुलगी, तिला वाटतं याला मी स्वयंपाकघरात हवीय का. बघा किती छोटी वस्तू आहे, आणि चाळीस वर्षांत घराघरात काय बदललं ते सगळं त्या एका ब्लेंडरमध्ये आलं. ‘प्रायव्हेट बेंजामिन’पासून (१९८०, हार्वे मिलर तिसरे लेखक होते, ऑस्करचं नामांकन मिळालेलं) ते ‘बेबी बूम’पर्यंत (१९८७) मायर्स-शायर हाच प्रश्न लिहीत आले होते, की बाईने कमवायचं, घर बघायचं, प्रेम करायचं, तर तिच्यासाठी जागा कुठे आहे. त्या दोघांनी जुन्या गोष्टीत स्वतःचं घातलं ते हे. ते नसतं तर नुसती रंगीत नक्कल झाली असती.

दोन_पेनं, तुमच्या सिनेमात लग्न मोडायची वेळ येते का? येत असेल तर कुठल्या वस्तूवरून येते ते आधी शोधा. मानपान, हॉल, केटरर हे सगळ्यांनी लिहून झालंय.

दोन_पेनं

रीळ, वहिनी, खूप खूप आभार, दोन्ही प्रतिसाद बहिणीला पाठवलेत. आमच्याकडे लग्न मोडायची वेळ येते ती मुलगी लग्नानंतर आईवडिलांचा होम लोनचा हप्ता भरत राहणार म्हणते म्हणून. वस्तू म्हणायची तर बँकेचं ईएमआय कापल्याचं एसएमएस. सासरचे वाईट नाहीयेत, त्यांना खरंच कळत नाहीये की हे पुढे किती वर्षं चालणार. बहिणीचं म्हणणं हा विषय विनोदी सिनेमाला जड होईल. तुम्हाला काय वाटतं? आणि नवऱ्या मुलाच्या आईला कसं लिहावं, तिथे आम्ही कायम घसरतो, ती एक तर खाष्ट होते नाहीतर देवी.

एडिसनकर

होम लोनचा हप्ता जड अजिबात नाही, लिहाच. इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या घरांत हेच चालू आहे, मुलगी इकडे आणि हप्ता तिकडे पुण्यात.

आणि गंमत म्हणजे फ्रान्सिस गुडरिच आमच्या न्यू जर्सीच्याच, बेलव्हिलमध्ये जन्मलेल्या, १८९० साली.

मला मायर्स-शायरच्या दुसऱ्या एका सवयीबद्दल सांगायचंय, ते मुलांना कसं लिहितात. ‘इररिकन्सिलेबल डिफरन्सेस’ (१९८४) बघितलाय का कोणी? शायरचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. ड्र्यू बॅरीमोर छोटी, आईबापांवर कोर्टात केस करते की मला यांच्यापासून वेगळं व्हायचंय. आईबाप दोघंही सिनेमावाले, एकत्र काम करणारे, यश मिळाल्यावर एकमेकांना हरवलेले. आता विचार करा, हा सिनेमा एक जोडपंच लिहितंय, एकत्र काम करणारं. हसवत हसवत स्वतःच्या घरातली भीती त्यांनी लिहून ठेवली असं मला प्रत्येक वेळी वाटतं. मुलगी आगाऊ नाही दाखवलेली, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती जे बोलते ते साधं आणि खरं असतं, आणि म्हणून आईबापांचे वेडेपणे आणखी हास्यास्पद होतात.

मग ‘द पेरेंट ट्रॅप’ (१९९८), मायर्सचा दिग्दर्शक म्हणून पहिला. इथे पाटीवर जुन्या लेखकाचं, डेव्हिड स्विफ्टचं नाव पण आहे कारण १९६१चा डिस्ने सिनेमा त्याचा. आणि त्याच्याही मागे जर्मन लेखक एरिश केस्टनरची १९४९ची कादंबरी. योगायोग बघा, स्ट्रीटरची कादंबरी पण १९४९चीच. आपल्याकडे हीच जुळ्या बहिणींची गोष्ट १९६८ मध्ये ‘दो कलियाँ’ म्हणून येऊन गेली, छोटी नीतू सिंग डबल रोलमध्ये, ‘बच्चे मन के सच्चे’ त्यातलंच. म्हणजे हे घरगुती कथानक कुठल्याही देशात राहायला जाऊ शकतं, फक्त स्वयंपाकघर बदलावं लागतं. ‘पेरेंट ट्रॅप’मध्ये लिंडसे लोहानने साकारलेल्या दोन जुळ्या मुलींची नावं हॅली आणि अ‍ॅनी, आणि मायर्स-शायरच्या स्वतःच्या मुलींची नावंही तीच, ‘फादर ऑफ द ब्राइड’मधली नवरी पण अ‍ॅनीच. ते लोक घरातूनच साहित्य उचलत होते याचा यापेक्षा सरळ पुरावा काय हवा. त्या सिनेमात दोन मुली विभक्त आईबापांना परत एकत्र आणतात, आणि त्याच सुमाराला लिहिणारी जोडी वेगळी होत होती. मला तो सिनेमा आता तसाच दिसतो आणि तरी त्यात कडवटपणाचा एक थेंब नाही, याचं मला फार मोठं कौतुक आहे.

वेगळे झाल्यावर मायर्सने एकटीने ‘समथिंग्ज गॉटा गिव्ह’ (२००३), ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ (२००९), ‘द इंटर्न’ (२०१५) केले, चांगलेच आहेत. शायर शेवटी शेवटी ‘द नोएल डायरी’ (२०२२) करून डिसेंबर २०२४ मध्ये गेले. पण दोघांनी मिळून लिहिलेल्या बापाचा जो तोल होता, माणूस हट्टी पण प्रेमळ, मूर्ख वागतो पण मूर्ख नाही, तो नंतर दोघांच्याही कामात मला तितका सापडला नाही.

मुलाच्या आईबद्दल माझं मत, ‘फादर ऑफ द ब्राइड’मध्ये कीटनची नीना बघा, ती नवरीची आई आहे पण उपयोगी पडेल. ती विनोद करत नाही, ती तो थांबवते. सुपरमार्केटमध्ये सॉसेज आणि बन यांची पाकिटं जुळत नाहीत म्हणून मार्टिन जास्तीचे बन काढून टाकतो, भांडतो, थेट तुरुंगात जातो, आणि नीना त्याला सोडवायला येते ती अटी घालूनच. गजाआडून त्याने एकेक गोष्ट कबूल करायची. तो सीन दोघांचा आहे, त्याचा राग आपल्याला कळतो आणि तिचं बरोबर आहे हेही कळतं. तुमच्या विहीणबाईंना असा एक सीन द्या जिथे त्यांचंच बरोबर आहे.

पंढरीचा_प्रेक्षक

हॉलिवूडचं सगळं ठीक पण आपल्याकडचं नवरा-बायकोचं लेखन विसरू नका, परेश मोकाशी आणि मधुगंधा कुलकर्णी. ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मधुगंधा कुलकर्णींनी लिहिलेला, दिग्दर्शन मोकाशींचं, आणि उत्कृष्ट बालचित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं. पंढरपुरातलं घर, वडील गेलेले, आईचं स्वेटर विणायचं मशीन कर्जात अडकलेलं, आणि घरातली लाडकी सायकल विकायची पाळी. म्हणजे कर्जाचा हप्ता हाच सगळ्याचा पाया आहे, आणि तरी थिएटरमध्ये लोक पोट धरून हसत होते. तेव्हा ईएमआय जड होईल असं म्हणणाऱ्या बहिणीला आधी हा दाखवा.

कारण काय असेल याचा मी बराच विचार केलाय. त्यात गरिबीवर विनोद नाही, विनोद आहे तो पोरांच्या धंद्याच्या अकलेवर. आईच्या नकळत बांगड्यांचं दुकान लावायचं, वारीच्या गर्दीत गिऱ्हाईक पकडायचं, शिव्या देणारा एक मित्र सोबत. संकट खरं आणि उपाय पोरकट, त्यामुळे हसू येतं आणि काळजी पण वाटत राहते. आईला कोणीही येडं केलेलं नाही. ती मारते, चिडते, आणि तिचं बरोबरच असतं. एडिसनकर म्हणतात ते नीनाचं, तेच इथे.

मग ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७), लग्नाआधी काही दिवस एकत्र राहून बघू अशी अट घालणारी मुलगी आणि त्या अटीमुळे दोन्ही घरांची जी धावपळ होते ती. तिथे एकही खलनायक नाही, दोन्हीकडचे म्हातारेकोतारे पण आपापल्या परीने शहाणे. आणि ‘नाच गं घुमा’ (२०२४), नोकरी करणारी बाई आणि तिच्या घरी काम करणारी बाई. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. एकीला उशीर झाला की दुसरीचा सगळा दिवस कोलमडतो. यात मला वाटतं जोडीने लिहिल्याचा फायदा सरळ दिसतो, मालकीणबाईंची चिडचिड जितकी आतून लिहिलीय तितकीच कामवाल्या आशाताईंची पण. एकाच माणसाने लिहिलं असतं तर कुठल्या तरी एकीकडे पारडं झुकलं असतं.

दोन_पेनं, एक सुचवतो. तुमच्यातल्या एकीने पूर्ण सीन मुलीच्या बाजूने लिहावा आणि दुसरीने तोच सीन सासूच्या बाजूने, तीही जिंकेल असा. मग दोन्ही एकत्र करा. गुडरिच-हॅकेटची पद्धत आहेच, त्यात एवढंच वाढवायचं.

स्पष्टच_बोलतो

सगळे कौतुकच करतायत म्हणून मुद्दाम लिहितो. मला पण हे सिनेमे आवडतात पण काही गोष्टी डोळे उघडे ठेवून बघायला हव्यात.

पैसा. १९९१च्या सिनेमात माणशी अडीचशे डॉलर खर्चाचं लग्न घरच्या अंगणात, हंस वगैरे, आणि बाप कुरकुर करतो. पण तो बुटांच्या कंपनीचा मालक आहे, त्याचं घर बघा केवढं. त्याची कुरकुर विनोदी वाटते कारण तो खरंच बुडणार नाहीये हे आपल्याला माहीत असतं. आपल्याकडे मुलीच्या लग्नासाठी जमीन विकणारा, सावकाराकडे जाणारा बाप आहे. मराठवाड्यात आमच्या घरांनी हे बघितलंय, ते हसण्यावारी नेता येत नाही. म्हणून ‘वधूपित्याची खर्चाने उडालेली तारांबळ’ हा विनोद तसाच्या तसा उचलून आणला तर तो एक तर खोटा होतो नाहीतर क्रूर. तुमचा हप्त्याचा विषय मला याच कारणासाठी आवडला, तिथे पैसा मुलगी देतेय, बाजू उलटलीय, आणि बापाला ते घ्यायला लाज वाटतेय. बापाची ती लाज नीट लिहा, विनोद आपोआप त्याच्या लपवालपवीतून येईल.

दुसरं, १९९५चा दुसरा भाग. आई आणि मुलगी एकाच वेळी गरोदर, कल्पना छान आहे, बाप आणि होणारा आजोबा एकाच माणसात. पण त्यात घर विकत घेणारा तो हबीब म्हणून माणूस आहे, युजीन लेव्हीने केलेला, तोडकंमोडकं बोलणारा, बायकोवर खेकसणारा, पैशाला हपापलेला. बाहेरचा माणूस दिसला की त्याच्या बोलण्यावर हसायचं ही सवय जगात सगळीकडे आहे आणि मराठी विनोदी सिनेमात तर भरपूर आहे, भय्या आला, मद्रासी आला, की टाळ्या. घरातल्या प्रत्येक माणसाला एवढ्या मायेने लिहिणाऱ्या जोडीला दाराबाहेरच्या माणसासाठी ती माया सुचली नाही याचं मला वाईट वाटतं. पहिल्या भागात मार्टिन शॉर्टचा तो लग्नाचा व्यवस्थापक फ्रँक पण विचित्रच बोलतो, पण तिथे निदान तो आपल्या कामात उस्ताद आहे आणि शेवटी त्याचंच म्हणणं खरं ठरतं.

२०२२ मध्ये याच गोष्टीचा क्युबन-अमेरिकन अवतार आला, अँडी गार्सिया आणि ग्लोरिया एस्टेफानचा. तिथे बाहेरचे लोकच घरातले झाले, आणि आईबाप स्वतः घटस्फोटाच्या वाटेवर असताना मुलीचं लग्न ठरतं. सगळा जमलाय असं नाही पण गोष्टीत नवं काय टाकता येतं ते बघायला तिसरा म्हणून जरूर बघा.

दोन_पेनं

बापाची लाज, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. आमचा बाप आत्तापर्यंत नुसता भोळा होता. आता तो हप्ता भरल्याची पावती कपाटात कुठे लपवतो तिथून सुरू करतोय. विहीणबाईंचा सीन बहीण लिहितेय, मुलीच्या बाजूचा मी, आणि रविवारी कागद बदलायचे ठरलंय. एका निर्मात्यांकडे दाखवायचं चाललंय, ओळखीतून. तर नोंदणी वगैरे आधी करावी का? दोघींची नावं कशी घालायची?

रीळ_नंबर_सात

दाखवायच्या आधी करा, नक्की करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व दोघींनी घ्या, स्क्रिप्टची नोंदणी ऑनलाइन होते, सहलेखक म्हणून दोघींची नावं त्याच नोंदणीत घाला. नुसती एक पानाची गोष्ट नको, जेवढं सविस्तर लिहून झालंय तेवढं नोंदवा, पुढचा मसुदा झाला की परत नोंदवा.

आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७चा) संयुक्त लेखन वेगळं धरलंय, म्हणजे ज्यात एकीचा भाग दुसरीच्या भागापासून सुटा काढता येत नाही असं काम. तुम्ही सीन अदलाबदल करून लिहिणार म्हणजे तुमचं तेच होणार. त्याची मुदतही दोघींमधली जी नंतर जाईल तिच्यानंतर ६० वर्षं. आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर सिनेमा थिएटरात दाखवण्याव्यतिरिक्तच्या वापरातला लेखकाचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला असाच सहीने लिहून घेता येत नाही, त्यामुळे करारात तसं कलम दिसलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखवा.

आणि बहिणी असलात तरी तुम्ही दोघींत एक साधा लेखी करार करा, मानधन निम्मं निम्मं का कसं, नावांचा क्रम काय, एकीने मधेच सोडलं तर लिहिलेल्याचं काय, आणि निर्मात्याने तिसरा लेखक आणला तर दोघींनी मिळून काय म्हणायचं. शेवटचं कलम विसरू नका. गुडरिच-हॅकेटसारख्या मुरलेल्या लोकांच्या पटकथेवरसुद्धा काप्राने दुसऱ्या लेखकांकडून काम करून घेतलं होतं आणि ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’च्या पाटीवर यांच्या जोडीला काप्राचं स्वतःचं आणि जादा सीनसाठी जो स्वर्लिंगचं नाव आहे. तिथे गिल्ड होती म्हणून निदान कोणाचं नाव कुठे ते ठरलं. तुमच्याकडे नोंदणीची तारीख आणि हा कागद असला पाहिजे. रविवारी कागद बदलाल तेव्हा दोन्ही सीनवर तारीख टाकून ठेवा, फाडू नका, जो वापरणार नाही तो पण.